शोधनिबंध मागितले, पण शिकवले कोणी?

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एक निवेदन काढून संशोधन-नियतकालिकांची आपली मान्य यादी मोडीत काढली. 'केअर' या नावाने ती ओळखली जात असे. कोणते नियतकालिक विश्वसनीय आणि कोणते टाकाऊ, हे यापुढे ज्या त्या विद्यापीठाने व महाविद्यालयाने आपल्या विवेकाने ठरवावे, असे आयोगाचे म्हणणे आहे. यादी होती तेव्हा ती अपुरी आहे, भारतीय भाषांतील नियतकालिकांवर तीत अन्याय होतो, अशी तक्रार होती. यादी गेल्यावर आता भुरट्यांना रान मोकळे झाले, अशी भीती आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण यादी असावी की नसावी या वादात एक साधा प्रश्न बाजूलाच पडला आहे. ज्या तरुण प्राध्यापकाकडून आणि संशोधक विद्यार्थ्याकडून आपण शोधनिबंध मागतो, त्याला शोधनिबंध लिहावयास शिकविले कोणी?

ही मागणी कशी वाढत गेली ते पाहण्यासारखे आहे. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी उमेदवाराचा निदान एक निबंध परीक्षित नियतकालिकात प्रसिद्ध झालेला असला पाहिजे, ही अट आयोगाने २००९ साली घातली. २०१० साली प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या यांसाठी गुणांकनाची पद्धत आली आणि छापून आलेल्या निबंधामागे ठरावीक गुण मिळू लागले. हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. वीस-वीस वर्षे तीच पिवळी पडलेली टिपणे वर्गात वाचून दाखविणारा प्राध्यापक आणि सुटीच्या दिवशीही प्रयोगशाळा उघडणारा प्राध्यापक यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचेच होते. तथापि या व्यवस्थेत निबंधाचे मोल ठरले ते त्यातील मजकुरावर नव्हे, तर तो छापून आला या घटनेवर. मग ज्यावर आय.एस.एस.एन. क्रमांक आहे ते नियतकालिक मान्यवर, असा समज तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत रूढ झाला. वास्तविक हा क्रमांक म्हणजे नियतकालिकाची केवळ नोंदखूण. मजकुराच्या गुणवत्तेची हमी त्यात मुळीच नसते. रेल्वेच्या डब्यावर क्रमांक रंगविलेला असतो, म्हणून आत बसलेला प्रत्येक जण तिकीट काढून बसला आहे असे होत नाही.

परिणाम व्हायचा तो झाला. लेखकाकडून पैसे घ्यायचे, परीक्षणाचे नाटक करायचे आणि येईल ते छापायचे, असा धंदा करणाऱ्या नियतकालिकांत २०१० साली सुमारे ५३,००० लेख प्रसिद्ध झाले होते. २०१४ साली ही संख्या सुमारे ४,२०,००० झाली, असा अंदाज हेलसिंकीच्या दोन संशोधकांनी २०१५ साली मांडला. या लेखकांत सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा होता. त्याआधी २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने अमेरिकेतील 'सायन्स' साप्ताहिकासाठी एक सापळा रचला होता. दगडफुलापासून काढलेल्या द्रव्याने कर्करोगाच्या पेशींची वाढ खुंटते, असा एक बनावट निबंध त्याने खोट्या नावांनी ३०४ नियतकालिकांकडे धाडला. निबंधात इतके ढोबळ दोष मुद्दाम पेरलेले होते की, जाणत्या परीक्षकाच्या ते पहिल्या वाचनातच ध्यानी यावेत. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. आपल्याकडे पुण्याच्या भूषण पटवर्धन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीची झडती घेतली. विद्यापीठांच्या शिफारशींवरून त्या यादीत शिरलेल्या आणि अन्य कोणत्याही सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात यादीतून काढून टाकली. पुढे २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंधप्रसिद्धीची सक्तीही उठली. बढतीच्या कागदांत मात्र निबंधांची रकाने अजून शाबूत आहेत.

या आकड्यांवरून आपला प्राध्यापकवर्ग अप्रामाणिक आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि तसे म्हणणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. जाणूनबुजून फसविणारे थोडे असतात. जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणारा बहुसंख्य वर्ग निराळ्याच कोंडीत सापडलेला आहे. त्याने मेहनतीने काही काम केलेले असते. वही भरलेली असते. पण त्या वहीतून निबंध कसा काढायचा, तो कोणाकडे पाठवायचा, परत आला तर काय करायचे, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. ज्या मार्गदर्शकाकडे तो शिकला त्यालाही ते कोणी दाखविलेले नव्हते. अशा वेळी काही हजार रुपये भरले की आठ दिवसांत निबंध छापून देणारा भेटला, तर तो त्याला लबाड वाटत नाही, उपकारकर्ता वाटतो.

आणि यात जे बुडते ते केवळ त्या प्राध्यापकाचे पैसे नव्हेत. आपल्या महाविद्यालयांतून होणारे जीवशास्त्रीय काम बहुधा स्थानिक असते. अमुक तलावातील प्लवके, तमुक नदीतील मासे, एखाद्या डोंगरावरची गवते, शेतजमिनीतील बुरशा. मोठ्या संस्थांतील संशोधकांना या कामात रस नसतो. पण त्याचे मोल काळाबरोबर वाढत जाते. तलाव बुजतो, नदीवर धरण होते, डोंगर खाणीसाठी फुटतो. तिथे वीस वर्षांपूर्वी काय होते हे सांगणारी एकमेव नोंद जर अशा नियतकालिकात गाडली गेली असेल, जे कोणत्याही ग्रंथालयात नाही आणि ज्याचा प्रकाशक दुकान बंद करून केव्हाच निघून गेला आहे, तर ती नोंद केलीच नव्हती असे समजायला हरकत नाही. नोंद सापडलीच, तर मासे कोणत्या महिन्यात धरले, कोणत्या जाळ्याने, किती ठिकाणी, हे तीत लिहिलेले नसते. मग तिची तुलना आजच्या स्थितीशी करायची कशी?

येथे लेखनाचा खरा प्रश्न येतो. 'शोधनिबंध' हा शब्द आपण रूढ केला आहे खरा, पण त्यातील 'निबंध' या शब्दाने थोडा घात केला आहे असे वाटते. शाळेपासून आपण निबंध म्हणून जे लिहितो त्यात सुरुवातीला सुभाषित, मध्ये अलंकार आणि शेवटी उपदेश असतो. विषयाबद्दल काही ठाऊक नसले तरी चार पाने भरता येणे हे तेथे कौशल्य मानले जाते. तीच सवय पुढे विज्ञानाच्या लेखनात उतरते. मधुमेहावर एखाद्या पाल्याच्या अर्काचा उंदरांवर प्रयोग केलेला असतो आणि पहिली दोन पाने आयुर्वेदाची थोरवी व निसर्गाची महती यांनी व्यापलेली असतात. उंदीर किती होते, कोणत्या वयाचे होते, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, हे मात्र शोधून काढावे लागते. वास्तविक शोधनिबंधाचे नाते निबंधाशी कमी आणि पोलिसांच्या पंचनाम्याशी अधिक आहे. स्थळ कोणते, वेळ कोणती, काय दिसले, किती अंतरावर दिसले, मोजमाप कशाने घेतले. पाहिले तेवढेच लिहायचे, ऐकीव घालायचे नाही.

पंचनाम्याची ही उपमा वाटते तितकी ओढूनताणून आणलेली नाही. डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळविले की, पाण्यात आपल्याला डोळ्यांना न दिसणारे असंख्य सजीव आढळले आहेत. त्याला लॅटिन येत नव्हते. त्याने आपल्या डच भाषेत लिहिले आणि सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनी त्याचे इंग्रजी केले. १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू करणारे ते हेच ओल्डनबर्ग. सोसायटीच्या विद्वानांचा या पत्रावर सहजी विश्वास बसेना. तेव्हा लेव्हेनहुकने गावातील धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठित गृहस्थांना भिंगाखाली ते जीव दाखविले आणि त्यांची सही-शिक्क्याची पत्रे लंडनला पाठविली. १६७७ साली रॉबर्ट हुक यांनी मिरी भिजत घातलेल्या पाण्यात तसेच जीव स्वतः पाहिले, तेव्हा कोठे शंका फिटली. साक्षीदार का लागले? कारण लेव्हेनहुकने आपले सर्वोत्तम भिंग कसे बनविले आणि आपण कसे पाहतो, हे कधीच उघड केले नाही. पद्धत लपविली की पंच बोलवावे लागतात. पद्धत पुरती सांगितली की पंचांची गरज राहत नाही, कारण वाचणारा स्वतःच ते करून पाहू शकतो. शोधनिबंधातील पद्धतीचा भाग, जो आपले विद्यार्थी दुसऱ्याच्या निबंधातून उतरवून घेतात आणि वाचणारे गाळून पुढे जातात, तो खरे म्हणजे निबंधाचा कणा आहे.

म्हणून अनुभवी लेखक निबंध लिहायला बसतात तेव्हा प्रस्तावनेपासून आरंभ करीत नाहीत. आधी आकृत्या व कोष्टके मांडतात, मग पद्धती लिहितात, मग काय आढळले ते, मग त्याचा अर्थ. प्रस्तावना आणि शीर्षक सर्वांत शेवटी. छापलेल्या निबंधाचा क्रम याच्या उलटा असतो, त्यामुळे नवशिक्याला वाटते की काम आणि विचारही त्याच क्रमाने झाले. पीटर मेडावार या नोबेलविजेत्या जीवशास्त्रज्ञाने १९६३ साली एका नभोवाणी-भाषणात, शोधनिबंध ही एक प्रकारची बतावणी आहे काय, असा प्रश्न विचारून खळबळ उडविली होती. निबंधातील हकीकत खोटी असते असे त्याचे म्हणणे नव्हते. ती ज्या वळणांनी सुचली ती वळणे निबंधात पुसली जातात, एवढीच त्याची तक्रार होती. तक्रार रास्त आहे. पण ही वळणे वर्गात तरी सांगितली गेली पाहिजेत. नाहीतर विद्यार्थ्यापुढे फक्त घडविलेली मूर्ती येते, छिन्नी कशी धरायची ते कळत नाही.

पद्धतीचा भाग प्रयोग संपल्यावर नव्हे, तर प्रयोगापूर्वीच लिहून काढावा, असे सुचवावेसे वाटते. याचे कारण व्यावहारिक आहे. समजा, खताचा परिणाम पाहायचा आहे. एका कुंडीत खत घातले, दुसरीत घातले नाही आणि प्रत्येक कुंडीतील झाडाची तीस-तीस पाने मोजली. विद्यार्थी लिहितो, नमुने तीस. पण पाने तीस असली तरी खत दिलेले झाड एकच आहे. त्या झाडाला ऊन अधिक मिळाले असेल, त्याच्या मुळाशी वाळवी असेल. म्हणजे नमुना एकच. स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकी परिस्थितिशास्त्रज्ञाने १९८४ साली अनेक प्रसिद्ध निबंध तपासून ही चूक किती सार्वत्रिक आहे ते दाखवून दिले. म्हणजे हा केवळ आपल्याकडचा दोष नव्हे. प्रयोग झाल्यावर संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाकडे धाव घेऊन ही चूक दुरुस्त होत नाही. मात्र 'खत किती झाडांना दिले?' हे वाक्य आधीच कागदावर लिहायला लागले असते, तर ती तिथल्या तिथे उमगली असती. लिहिणे हे विचार करण्याचे साधन आहे, सजावटीचे नव्हे, ते या अर्थाने.

चांगल्या निबंधाला महागडी उपकरणे लागतात ही आपली आवडती सबब आहे. वेडा राघू हा पक्षी आपल्याकडे तारांवर बसलेला कोणीही पाहिला असेल. तो मातीच्या दरडीत बीळ करून घरटे करतो आणि कोणी पाहत असेल तर आत शिरायला कचरतो. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणारे मिलिंद वाटवे आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी यावर एक साधा प्रयोग केला. माणूस दोन ठिकाणी उभा करायचा. दोन्ही ठिकाणी तो पक्ष्याला दिसतो. फरक इतकाच की, एका ठिकाणाहून माणसाला घरट्याचे तोंड दिसते, दुसऱ्या ठिकाणाहून दिसत नाही. ज्या ठिकाणाहून घरटे दिसते तेथे माणूस असला की राघू आत जाण्याचे टाळतो, असे आढळले. म्हणजे माणूस आहे की नाही एवढेच नव्हे, तर त्याला काय दिसते, याचीही दखल पक्षी घेतो. हा निबंध २००२ साली 'ॲनिमल कॉग्निशन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक पाहावे. भक्षकाला काय दिसते याला राघू प्रतिसाद देतात, एवढेच ते म्हणते. पक्ष्याला मन असते, त्याला दुसऱ्याच्या मनातले कळते, असे मथळे देण्याचा मोह येथे किती झाला असता! रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत हिवतापाच्या जंतूंचा डासातील माग काढला; ते निरीक्षण डिसेंबर १८९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले, तेव्हा त्यांनीही मथळ्यात दोन डासांत आढळलेल्या काही रंगद्रव्ययुक्त पेशी, असेच म्हटले होते. दोन डास म्हणजे दोन डास. हिवतापाचे कोडे सुटले, अशी द्वाही त्यात नव्हती.

लांबी हा आपला आणखी एक भ्रम. जाडजूड प्रबंध म्हणजे भरीव प्रबंध, असे मानणाऱ्यांना कमला सोहोनी यांची आठवण करून द्यावी लागेल. केंब्रिजला १९३९ साली वनस्पतींतील सायटोक्रोम सी या घटकावरील कामाबद्दल पीएच.डी. मिळविणाऱ्या या मराठी विदुषीचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता असे सांगतात. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचा १९५९ सालचा 'नेचर'मधील निबंध तर दोन पानांत मावतो. पटकीचे जंतू एखादे विष निर्माण करतात, अशी अटकळ रॉबर्ट कॉखने १८८४ सालीच बांधली होती. पण ते विष प्रयोगात हाती लागत नव्हते, कारण ते रक्तावाटे काम करीत असणार अशा समजुतीने प्रयोग होत होते. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून घेतला आणि त्यात जंतू पूर्ण गाळून टाकलेले द्रव सोडले. आतड्यात पाणी साठले. जंतू नसतानाही परिणाम घडला, म्हणजे विष जंतूंनी बाहेर टाकलेले आहे आणि ते आतड्यातच काम करते. एवढेच सांगायचे होते, तेवढेच सांगितले. पटकीने शरीरातील पाणी कसे जाते हे समजण्याची ही पहिली पक्की पायरी होती. १९७८ साली पटकीवरील नोबेल परिसंवादाला डे यांना सन्मानाने बोलावण्यात आले. आपल्या विज्ञान-अकादमींनी मात्र १९८५ साली ते निवर्तेपर्यंत त्यांना सदस्य करून घेतले नाही. हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

भाषेची अडचण खरी आहे आणि ती नाकारून चालणार नाही. मराठीत विचार करणारा, मराठीतून शिकलेला विद्यार्थी इंग्रजीत लिहितो तेव्हा त्याला दोन ओझी वाहावी लागतात. त्यामुळे तो तयार वाक्ये उचलतो. यात चोरीची बुद्धी असतेच असे नाही. आपण लिहिलेले वाक्य चुकीचे असेल आणि छापलेले वाक्य बरोबर असणारच, ही भीतीपोटी आलेली नम्रता असते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे साम्य वाढेल तशी शिक्षा वाढते. तेव्हापासून अनेक विद्यार्थ्यांचे सगळे लक्ष हा आकडा खाली आणण्यात गुंतले आहे. शब्दाला प्रतिशब्द बदलणारी यंत्रे त्यासाठी वापरली जातात. तुलूझ येथील गियोम काबानाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली अशा विद्रूप शब्दप्रयोगांचा माग काढला, तेव्हा स्तनाच्या कर्करोगाला 'उरावरचे संकट' म्हणावे अशा तऱ्हेची इंग्रजी त्यांना छापील निबंधांत सापडली. हसू येते, पण ते निबंध कोणी परीक्षक, कोणी संपादक न वाचता छापले गेले होते, हे ध्यानात आले की हसू मावळते. आता तर अख्खा मजकूर सफाईदार इंग्रजीत लिहून देणारी संगणकप्रणाली प्रत्येकाच्या खिशात आली आहे. आपण लिहिलेले इंग्रजी नीट करून घेण्यास ती जरूर वापरावी. पण तिला तुमच्या तलावातील मासे ठाऊक नसतात. विचारले तर ती अस्तित्वात नसलेले संदर्भही बिनदिक्कत रचून देते.

दुसऱ्याची मदत घेण्यात कमीपणा नाही. सलीम अली १९३० साली जर्मनीहून परतले तेव्हा त्यांची मुंबईच्या संग्रहालयातील नोकरी गेलेली होती. अलिबागजवळ किहीमला राहायचे ठरले आणि तेथे घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे त्यांनी महिनोन्‌महिने निरीक्षण केले. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन पारखते आणि पसंत पडले तरच ते पुरे होते. एक संसार मार्गी लागला की नर दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो. हा वृत्तांत मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्यांचे नाव झाले. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. इंग्लंडमध्ये शिकलेल्या त्यांच्या पत्नी तेहमिना यांनी त्यांच्या इंग्रजी लेखनावर बरेच संस्कार केले. निरीक्षण सलीम अलींचे होते, त्याबद्दल कोणाला शंका नाही. पण मसुदा वाचून हे वाक्य समजत नाही असे सांगणारे माणूस घरातच होते. आपल्या किती विद्यार्थ्यांना असे माणूस लाभते? मार्गदर्शक सही करतात. लाल पेन्सिल हाती घेऊन मसुदा वाचणारे थोडे.

मग येतो नकार. आपल्याकडे नापास होण्याची जी धास्ती आहे, तीच परत आलेल्या निबंधाच्या वाट्याला येते. हान्स क्रेब्ज यांनी पेशींत अन्नाचे ज्वलन कसे होते, त्या चक्राचा शोध १९३७ साली 'नेचर'कडे पाठविला. आमच्याकडे आधीच पुरेशी पत्रे पडून आहेत असे कळवून संपादकांनी तो परत केला. क्रेब्ज यांनी तो हॉलंडमधून निघणाऱ्या 'एन्झिमोलॉगिया'कडे दिला, तेथे तो लवकरच छापून आला आणि १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सगळेच परत आलेले निबंध असे नसतात, हे सांगायला नको. बहुतेकांत परीक्षकांनी काढलेल्या त्रुटी खऱ्या असतात आणि दोन-तीन परक्या माणसांनी फुकट, बारकाईने केलेले ते वाचन ही नवशिक्याला मिळणारी सर्वांत चांगली शिकवणी असते. प्रत्येक शेऱ्याला मुद्देसूद उत्तर लिहायचे. पटला तर काय बदलले ते सांगायचे, न पटला तर पुरावा देऊन विनयाने नाकारायचे. हे उत्तर लिहिणे ही निबंध लिहिण्याइतकीच शिकण्याची गोष्ट आहे आणि ती कोठल्याही अभ्यासक्रमात नाही. पैसे घेऊन छापणारे भुरटे नियतकालिक लेखकाला लुबाडते ते येथे. ते त्याला शेरेच देत नाही.

आयोगाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा ३० तासांचा अभ्यासक्रम २०१९ अखेरीस सक्तीचा करण्यात आला. काय करू नये हे त्यात शिकविले जाते आणि ते आवश्यकच आहे. पण पोहायला शिकविताना पहिले तीस तास बुडण्याचे प्रकार समजावून सांगावेत आणि पाण्यात मात्र उतरवू नये, तसे हे झाले आहे. परदेशी नियतकालिके वाचायला मिळत नाहीत ही अडचणही आता काहीशी कमी होईल. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना खुली होऊ लागली. शिक्षणसंस्थांनी चालविलेल्या असंख्य महाविद्यालयांपर्यंत ही योजना जितक्या लवकर पोहोचेल तितके बरे.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा निवडण्याची सोय झाली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणारे विद्यार्थी ती निवडू शकतील व त्यांना प्रकल्प करून प्रबंध लिहावा लागेल. म्हणजे आजवर पीएच.डी.च्या उमेदवाराला जे कोणी शिकविले नाही, ते आता एकवीस वर्षांच्या मुलामुलींकडून मागितले जाणार. त्यांच्यासाठी नवीन खाते, नवीन समिती नको. आठवड्यातून दोन तास पुरतील. एका तासात एखादा छोटा, चांगला निबंध घ्यावा, त्याचा निष्कर्ष झाकून केवळ कोष्टके विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत आणि यावरून काय म्हणता येईल ते प्रत्येकाने पाच ओळींत लिहावे, हवे तर मराठीत. मग मूळ निष्कर्ष उघडून पाहावा. दुसऱ्या तासात आपापल्या प्रकल्पाची पद्धत लिहून शेजाऱ्याला द्यावी आणि एवढ्या मजकुरावरून तुला हा प्रयोग करता येईल का, असे त्याला विचारावे. पुढील सत्राची वेळापत्रके महाविद्यालये लवकरच तयार करतील; त्यांत हे दोन तास कोणत्या वारी बसवायचे आणि त्या तासांना वर्गात कोण उभे राहणार, हे प्राचार्यांनी व विभागप्रमुखांनी आताच ठरवावयास हवे.